माझ्या मधोमध एक रेघ

मित्रांनो, मी एक भिंगाचा दिवा होतो. आता नुसतं भिंग उरलो आहे. जुना म्हणावं इतकं माझं वय नाही, जेमतेम पाच वर्षं; पण हातून चूक घडली की वय आपोआप वाढतं.

शुद्धीवर आलो तेव्हा मी सांगलीच्या एका दुकानात, खोक्यात आडवा होतो. सगळे मला काच म्हणतात. मी प्लास्टिकचा आहे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मला न्यायला इस्लामपूरहून विश्वजित आला. रिमोट, वजनकाटे, रेडिओ दुरुस्त करायचं त्याचं दुकान नवंच होतं. दुकानदारानं त्याला नीट समजावलं, की बारीक सोल्डरिंगला तीनपट भिंग पुरे. सबंध बोर्ड नजरेत राहतो, डाग द्यायची तापलेली गन भिंगाखाली घालायला जागा मिळते. उजेड मात्र एका बाजूनं घ्यायचा, म्हणजे तडा असेल तर सावलीत उठून दिसतो. विश्वजितनं सगळं ऐकलं आणि सगळ्यात मोठं कितीचं आहे ते विचारलं. त्याचा तरी काय दोष? त्याच्या विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर. अशा माणसानं तीनचं भिंग घेऊन कोणत्या तोंडानं गावात जायचं? त्यानं मला उचललं. मी आठपट.

आठपटीतून नखाएवढंच दिसतं. बोर्ड माझ्या नाकाला टेकवावा लागे, गनचं टोक माझ्या हनुवटीला लागे आणि धूर सगळा तोंडावर. माझ्याभोवती दिव्यांचं गोल कडं होतं. त्यातले एका बाजूचे अर्धे बंद करायचं बटणही होतं, पण त्याच्यावर दुकानाचं स्टिकर बसलं होतं. मग सगळेच दिवे लागत आणि सोल्डरचा थेंब न् थेंब घासलेल्या चांदीसारखा चमके. चमकतं ते चांगलं, असं आम्हा दोघांनाही वाटे.

पहिली दोन वर्षं कौतुकात गेली. 'येथे आठपट बघून दुरुस्ती केली जाते' अशी पाटी लागली. लोक रिमोट दाखवायला येत आणि मला बघून जात.

मग खंडेनवमी आली. विश्वजितची आई, शालूबाई, हत्यारं पूजायला दुकानात आल्या. पकडीला कुंकू, गनला कुंकू, आणि माझा मान मोठा म्हणून मला बरोबर मधोमध, चांगलं रुपयाएवढं. दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं कुंकू विश्वजितनं चिमट्याच्या टोकानं खरवडून काढलं. कुंकू गेलं. रेघ राहिली.

तेव्हापासून आमच्या वाळवा तालुक्यातल्या प्रत्येक बोर्डाला मधोमध तडा दिसू लागला. विश्वजित एक डोळा मिटून बघायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "यंदा सगळ्यास्नी हितंच तडा जातोय. हवाच तशी हाय." लोकांना पटायचं. उसावर तांबेरा रोग पडतो, तसं हेही काहीतरी पडलं असेल. तो चांगल्या जागी पुन्हा सोल्डर लावायचा. वस्तू कधी चालायची, कधी नाही. रेघ माझी आहे हे मला कळत होतं. पण भिंगाला तोंड नसतं, आणि खरं सांगतो, कौतुकही सोडवत नव्हतं.

एके दिवशी तानुबाई आली. आटपाडीकडची धनगरीण, रापलेली, डोईवर बोचकं. गावाबाहेरच्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. तिनं कनवटीचं एक यंत्र काढलं. नवऱ्याचं, ज्ञानूबाबांचं, कानात घालून ऐकायचं. महिनाभर बंद होतं.

"चाळीस वर्सं भांडलो आमी," ती म्हणाली. "आता मी कायबी बोलले की नुसतं हासत्यात. घरात भांडायला मानूस न्हाई ऱ्हायला, लेकरा."

विश्वजितनं यंत्र उघडून बोर्ड पकडीत आवळला, मला खाली ओढलं. तडा. मधोमध. त्यानं गन टेकवली. जागा नाजूक होती, आणि तडा काही केल्या बुजेना. जाणार कसा? त्यानं गन आणखी टेकवली. शेवटी बारकी चिप काळी पडली आणि तांब्याची पट्टी सुटून वर आली.

बोर्ड हातात घेऊन तो दारातल्या उन्हाला गेला. तिथं नुसत्या डोळ्यांना दिसलं: सेलच्या पत्र्यावर घामानं हिरवा गंज चढला होता. त्या तड्यापासून बोटभर अंतरावर. पॉलिशपेपरनं दोन मिनिटांचं काम. तीनपटीतून ते पहिल्याच नजरेत आलं असतं. परत येऊन त्यानं बोर्ड माझ्याखाली धरून हलवला. बोर्ड हलला, तडा जागेवरच.

त्यानं गनची पिन काढली. मग म्हणाला, "आज्जी, चूक माझी हाय. नवं मागवून देतो." पण उद्या धनगरांचा तळ पुढं हलणार होता, आणि मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत.

"मग ती काच दे," तानुबाई म्हणाली. "काटं काढाया हुईल."

त्यानं माझे स्क्रू काढले.

आता मी तानुबाईच्या पालात राहतो. वीज नाही, ऊन बाजूनं येतं. हवा होता तसा उजेड मला शेवटी मिळाला, काम गेल्यावर. एकदा ज्ञानूबाबांच्या पायातला काटा काढता काढता तानुबाई त्यांना अनवाणी फिरण्यावरून बोलत होती. बोलण्याच्या भरात तिचा हात वर गेला आणि मी तिच्या तोंडासमोर आलो. ज्ञानूबाबांनी पलीकडून माझ्यातून तिचे ओठ पाहिले, केवढे तरी मोठे. त्यांचं हसू थांबलं.

"वरडू नगंस," ते म्हणाले. "दिसतंय मला."

त्या दिवशी दोघं तिन्हीसांजेपर्यंत भांडली. मला वाईट एवढंच वाटतं, की तिचा आवाज मी घालवला आणि बदल्यात तोंड दिलं.

मित्रांनो, पूजा करायची तर दांड्याची करा, भिंगाला सोडा. पुसायचं तर मऊ ओल्या फडक्यानं. आणि कुठं तडा दिसला, तर वस्तू आधी जरा फिरवून बघा. तिच्याबरोबर फिरला तर तडा तिचा. जागेवर राहिला, तर तो बघणाऱ्याचा.

परवा तानुबाईनं मला आडवं धरलं, तेव्हा माझी रेघ बरोबर तिच्या दोन ओठांच्या मधे बसली. तोंड मिटलेलं असलं की रेघ दिसतच नाही. पण तानुबाई तोंड मिटते कुठं?