मावशीची कबर

वुर्यानीबाई तुरुंगातून सुटल्या, पण ओळखपत्रावरचा राजकीय कैद्याचा शिक्का काही सुटला नाही. शिक्का असलेल्याने एक ओळ छापायची नाही, असा सरकारी हुकूम. कसलं मेलं सरकार, म्हाताऱ्या बाईच्या शाईला भ्यायचं. म्हणून बाईंच्या गोष्टी साप्ताहिकात भाचीच्या, रेत्नोच्या नावाने यायच्या. वाचकांची पत्रं रेत्नोला, कौतुकही रेत्नोलाच. एकदा तरी कुणी समोर येऊन 'तुमची गोष्ट आवडली' म्हणावं, एवढीच बाईंना भूक होती.

रेत्नोचं लग्न जिल्हा कचेरीतल्या हार्दोयोशी ठरलं. सरकारी नोकराच्या नात्यात शिक्केवालं माणूस चालत नाही.

"लग्नाच्या परवानगीच्या अर्जात तू वारलीस असं लिहिलंय, मावशी," रेत्नो मान खाली घालून म्हणाली.

"बरं. कशानं गेले मी?"

"तापानं." ती रडायलाच लागली. "आता ते म्हणतात, लग्नाआधी मावशीच्या कबरीवर फुलं वाहू. रीतच आहे ना आपली."

"म्हणजे मेल्यावरही सुटका नाही. चाफ्याखाली माझ्या सामीनाहची कबर आहे बघ, बिनदगडाची. तुरुंगात एका चटईवर झोपायचो आम्ही. तीच दाखव. तिला तरी कोण फुलं वाहतंय?"

फुलं वाहायच्या सकाळी बाईंना घरी राहवेना. बांबूची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून त्या शेजारच्या एका कबरीवरचं गवत उपटत बसल्या.

हार्दोयोने फुलं वाहिली, दुआ म्हटली, मग हलक्या आवाजात बोलू लागला. "मावशी, तुमची भाची फार छान लिहिते. एका गोष्टीतली बाई रोज नवऱ्याचं ताट वाढून ठेवते. तो कुठे गेला ते लिहिलेलं नाही, पण मला कळलं. माझ्या काकांनाही असंच पकडून नेलं, ते परत आले नाहीत. नोकरीच्या अर्जात मी त्यांचं नाव घातलं नाही. ती गोष्ट आईला वाचून दाखवली, तेव्हा ती इतक्या वर्षांनी भावासारख्या दिरासाठी रडली."

बाईंचे हात थांबले. त्यांचा वाचक हाकेच्या अंतरावर बसून मातीशी बोलत होता. उठून त्याच्यापुढे उभं राहावं, असं त्यांना फार फार वाटलं. त्यांनी मान वर केली. रेत्नोने त्यांना ओळखलं आणि त्याच्या पाठीमागून 'नको' म्हणून गुपचूप हात जोडले.

बाई पुन्हा गवत उपटू लागल्या.

निघताना हार्दोयो त्यांच्यापाशी थांबला. उरलेली फुलं त्याने त्या कबरीवर टाकली.

"तुमचं कोण आहे इथे, आजी?"

"कुणी नाही रे बाबा," बाई म्हणाल्या. "माझं इथे कुणीच नाही."