हातभर कापलेला दांडा

मी सोसायटीपुढच्या हापशाचा दांडा बोलतोय. वडवणीच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच आमचं गाव. हापसा म्हटलं की लोक पाण्याची धार बघतात. दांड्याकडं बघतं कोण?

बोअर पडलं तेव्हा मी चांगला लांब होतो. टोकाला धरून नुसतं दाबलं की पोरीसोरीसुद्धा घागर भरून न्यायच्या. मग सोसायटीला नवं ऑफिस झालं आणि चेअरमन मोहनरावांना बसायला ओटा हवा झाला. तो बांधला थेट माझ्या पुढ्यात. खाली आलो की माझं टोक त्याच्या कडेवर आपटायचं. आता तुम्हीच सांगा, चुकलं कोण? ओटा बांधणारा! पण कापलं मला. सटवा वेल्डरनं माझा हातभर तुकडा पाडला आणि भंगारात टाकला.

तेव्हापासून मी जड झालो. होणारच! मी ज्या खिळीवर फिरतो तिच्यापासून हात जितका लांब, तितका जोर कमी लागतो. हात जवळ आला की जोर वाढतो. एवढी साधी गोष्ट. पण त्यात दुष्काळ पडला आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं, पाणी खोल गेलं म्हणून हापसा जड झाला. पाणी खोल गेलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण माझा कापलेला तुकडा कोणाला आठवेल तर शपथ! उलट माझ्यापुढं नारळ फोडला. नारळानं दांडा वाढतो का हो?

हाल झाले ते म्हाताऱ्या बायनाबाईचे. मुलगा-सून ऊस तोडायला कारखान्याला गेलेले, घरी ती आणि चार वर्षांची नात. पाणी आणून देणारं कोणी नाही. ती माझ्यावर पोट टेकवून लोंबकळायची आणि घागर अर्धी झाली की धापा टाकत खाली बसायची. मला लाज वाटायची, अन् ओट्यावरच्या मंडळींचा संताप यायचा.

एका सकाळी तिनं पाइपाचा तुकडा आणला, माझ्या टोकावर चढवला आणि दाबला. मी अलगद खाली गेलो आणि ठक्कन ओट्यावर आपटलो.

मोहनराव ओरडले, "ओ मावशे, ओटा फुटंल की! पानीच खोल गेलंय, पाइप काय करनार हाय?"

"जात्याचा खुंटा कडंला कशापायी असतोय, मोहनराव? मधी ठोकला तर दळन होईल का?" तिनं पाइप काढून हातात घेतला. "घ्या, दाबा तुमी. एक घागर भरून द्या, मग न्हाई लावनार."

चारचौघांत मोहनरावांना उठावंच लागलं. दहा-बारा वेळा दाबलं आणि धोतराच्या सोग्यानं घाम पुसला. घागरीचा तळ जेमतेम झाकला होता. मग त्यांनीच तिच्या हातून पाइप घेतला आणि माझ्यावर चढवला.

माझा तुकडा मात्र अजून कोणी जोडून दिलेला नाही. त्याला म्हणे सोसायटीचा ठराव लागतो. कापताना नव्हता लागला! बाबांनो, ठराव होईल तेव्हा होवो, तोवर मला निदान टोकाला तरी धरा.

बायनाबाई रोज पाइप घेऊन येते आणि दोन घागरी काठोकाठ भरून नेते. दर दाबाला ओट्याची कड थोडी थोडी झडते. मोहनराव आता आत खुर्चीवर बसतात.