सात नंबरची विहीर

कचरा डेपोवर तिला सगळे बाटलीताई म्हणत. रोज सकाळी खांद्याला बाटल्यांची पेटी अडकवून ती कचऱ्याच्या डोंगराला वळसा घालायची. डोंगराभोवती जमिनीत बारा नळकांडी पुरलेली होती, मनगटाएवढ्या तोंडाची. कागदोपत्री त्यांना विहिरी म्हणत. त्यांतलं पाणी काढून ती तपासायची. शहराच्या कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी खालच्या तळ्यात साठायचं आणि तिथून पंपाने शुद्धीकरणाला जायचं. बांधापलीकडच्या खाडीत त्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, आणि गेला तर सगळ्यांत आधी ते तिला कळायला हवं. नवरा चेष्टेने म्हणायचा, "आमच्या हिला काळ्या पाण्याची शिक्षा झालीय, तीही पेन्शनसकट!"

त्या शुक्रवारी मात्र तिला हसू येत नव्हतं. अवेळी आलेल्या पावसाने तळं काठोकाठ भरलं होतं, आणि बांधावरच्या सात नंबरच्या विहिरीत क्षार मोजणाऱ्या मीटरचा आकडा गेल्या शुक्रवारच्या दुप्पट दाखवत होता. गेल्या शुक्रवारीही तो चढलेलाच होता. तेव्हा डेपोचे साहेब म्हणाले होते, "भरतीचं खारं पाणी आत आलं असेल. क्षार वाढले की मीटर चढणारच." तिलाही ते पटवून घ्यायचं होतं. तिने पटवून घेतलं आणि आठवडा काढला.

आज तिने पेटीच्या तळातून अमोनियाची पट्टी काढली. नुसत्या खाऱ्या पाण्यात ही पट्टी रंग बदलत नाही, कचऱ्याच्या पाण्यात बदलते. बाटलीत बुडवली तर बघता बघता गडद हिरवी झाली. ती पट्टी घेऊन तिने साहेबांची खोली गाठली.

साहेबांनी पट्टी उजेडात धरून पाहिली. ते तिशी-पस्तिशीचे, घाबरट पण सरळ. "प्रयोगशाळेला पाठवा. सोमवारी रिपोर्ट येईल."

"सोमवारपर्यंत सहा भरत्या येऊन जातील, साहेब."

"पण गळतंय कुठून? अर्ध्या मैलाचा बांध आहे. खणू कुठे?"

 हे कुणाला ठाऊक असेल ते तिला एकदम सुचलं. तिची थोरली जाऊ गेली पंचवीस वर्षं ओहोटीला त्याच खाडीत शिंपल्या वेचत होती. चिखलाचा इंच न् इंच तिच्या पायाखालचा. एका अंगणात दोन दारं, पण सकाळचा चहा दोघींचा एकत्र. तिने फोन लावला.

"जाऊबाई, बांधाखाली कुठे शिंपल्या मेलेल्या दिसल्या का हो?"

 जाऊ हळूच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

बाटलीताईने फोन ठेवला आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं.

एक वाजता पूर्ण ओहोटी होती. तीनपर्यंत पाणी परत बांधाला लागणार. दोघी गुडघाभर चिखलातून निघाल्या. जाऊ पुढे, पाऊल टाकायच्या जागा दाखवत. "इथे नको, इथे रुतशील. माझ्या मागोमाग ये." बांधाच्या एका वळणाशी ती थांबली. तिथला चिखल राखाडी पडला होता, शिंपल्या तोंडं उघडून पडल्या होत्या. वर दगडांच्या फटीत एका फुटक्या सिमेंटच्या पाइपाचं तोंड होतं, घागरीच्या तोंडाएवढं. त्यातून काळपट, फेसाळ धार सतत वाहत होती. वासाने डोळे चुरचुरले.

"कधीपासून?" बाटलीताईने विचारलं.

"आठ दिवस झाले. मी पलीकडून वेचत होते, इकडून नाही." जाऊने पदराने नाक दाबलं. "बोलले असते तर अख्खी खाडी बंद झाली असती. आणि गं... मंगळवारी घरात खाल्ल्या त्याही पलीकडच्याच होत्या. खरंच."

रागाने बाटलीताईच्या ओठावर शब्द आले. पण मागच्या शुक्रवारचा आकडा तिच्याच वहीत, तिच्याच अक्षरात होता. "मलाही आठ दिवस झाले," एवढंच ती म्हणाली.

तिने फोटो पाठवला. वीस मिनिटांत साहेब स्वतः आले, बूट हातात आणि पँट मांडीपर्यंत चिखलात. सोबत चार कामगार.

"हा पाइप नकाशावर नाहीच!" ते म्हणाले.

"नकाशावर नसेल," जाऊ म्हणाली, "माझ्या शिंपल्यांवर आहे."

डेपो होण्याआधी पावसाचं पाणी काढायला कुणीतरी घातलेला असणार. तळ्याच्या तळाचं प्लास्टिकचं अस्तर त्याच्यावर फाटलं असणार. साहेबांनी वरच्यांना फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी उचलेना.

"गोदामात गटाराच्या कामाचा रबरी बूच आहे," एक कामगार म्हणाला, "हवा भरून फुगवायचं. पण किल्लीवाला रजेवर आहे."

साहेबांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. मग तो खिशात टाकला. "कुलूप तोडा. माझं नाव सांगा."

बूच आलं तेव्हा दोन वाजून गेले होते. दूरवर पाण्याची चकचकीत रेघ पुढे सरकत होती. बूच पाइपात ढकललं, आणि लक्षात आलं की कॉम्प्रेसरची नळी बांधावरून खाली पोचत नाही. शेवटी सायकलचा पंप. कामगार दमले की साहेब, साहेब दमले की बाटलीताई. तिच्या कानात फक्त पंपाचा सूं-फुस आवाज आणि मनात एकच हिशेब: पाणी कुठवर आलं? धार बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग नुसती ओल. तेवढ्यात कडेने पुन्हा झिरपायला लागलं. जाऊने जवळची चिकणमाती उपसली आणि पोळपाटावर गोळा दाबावा तशी ती कडेला दाबत गेली. वर मातीची पोती रचली. शेवटचं पोतं ठेवलं तेव्हा लाटा त्यांच्या पोटऱ्यांना लागल्या होत्या.

दहा मिनिटांत सगळं पाण्याखाली गेलं. बूच टिकलंय की सुटलंय, आता कळायला मार्ग नव्हता. रात्रीच्या ओहोटीत अंधारात काही दिसणार नाही, म्हणजे उद्या दुपारपर्यंत नाहीच. बाटलीताई बांधावर बसून राहिली. पाण्यावर जरा कुठे फेस दिसला की उठून बघायची.

जाऊ मात्र घरी न जाता वस्तीवर गेली. शिंपल्या वेचणाऱ्या सगळ्या बायकांना दारोदार सांगितलं, कुणीही उतरू नका, विकू नका, खाऊ नका. आणि आपल्याला आठ दिवस ठाऊक होतं हेही सांगितलं. एकीने तिच्या तोंडावर दार लावलं.

दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूने जेसीबीने खणून पाइपाचं दुसरं टोक सापडलं. त्यात काँक्रीट ओतलं, तळं उपसून अस्तराला ठिगळ लावलं. दुपारी पाणी ओसरलं. बूच जागेवर होतं, पाइपाचं तोंड कोरडं. साहेब दगडावर बसले. कुलुपाबद्दल त्यांना नोटीस आली, ती त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवून दिली.

खाडी अडीच महिने बंद राहिली. अंगणातल्या दोन दारांमध्ये चहा थांबला होता. जाऊचे दिवस कसे जातात हे बाटलीताईला भिंतीपलीकडच्या शांततेवरून कळायचं, आणि तिला वाटायचं, आठ दिवस आधी पट्टी बुडवली असती तर? मग एका सकाळी ती पेटी घेऊन निघाली, तर जाऊ गुडघ्यापर्यंत साडी खोचून दारात उभी.

"तुझ्या विहिरी सगळ्या कोरड्या जमिनीवर," ती म्हणाली. "चिखलातलं पाणी कोण बघणार? चल, मी दाखवते कुठून घ्यायचं."

त्या दिवशी पेटीत तेरावी बाटली गेली. सात नंबरचा आकडा उतरतो आहे, पण पूर्वीच्या जागी अजून आलेला नाही. दोघी दर शुक्रवारी जातात. बुडवलेली पट्टी जाऊ उजेडात धरते, आणि रंग ठरेपर्यंत दोघी तिच्यावरून नजर काढत नाहीत.