भूत किती व्होल्टचं?

कम्नान बंचोंगच्या पिकअपने मान टाकली ती नेमकी प्रयून मेकॅनिकच्या शेडसमोर. थायलंडमधल्या यासोथॉनचा सगळा रस्ता मोकळा पडला होता, पण गाडीला हीच जागा सापडली. आणि उद्या सकाळी ही शेड पाडायची, असा हुकूम ह्याच कम्नानने सोडला होता; कम्नान म्हणजे इथला गावप्रमुखच. देवळासमोर ग्रीसचे डाग शोभत नाहीत म्हणे! तिथे फुलांचा वाफा होणार आणि वाफ्यात कम्नानच्या नावाची पाटी लागणार. फुलं नंतर आली तरी चालतील, पाटी आधी.

"बघ रे जरा," कम्नान खाली उतरून म्हणाला. लाज बहुतेक गाडीतच राहिली होती. "स्टार्टर फिरतोय, पण चालूच होत नाही."

"उद्या बघतो, कम्नान."

"उद्या तू कुठे असणार इथे?"

"तेच म्हणतोय मी."

कम्नानला टोमणा कळायला वेळ लागतो. तोवर प्रयूनने बॉनेट उघडलं सुद्धा. हाताला खाज, दुसरं काय! इंजिन फिरतंय की नाही हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरचा प्लग त्याने उपटला, चावी ऑन करायला लावली, मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली आणि लाल पिन एकेका तारेत घातली. पहिलीवर पाच व्होल्ट. दुसरी अर्थिंगची, तीही ठणठणीत. तिसरीवर मात्र आकडे नाचायला लागले. आता हा, मग तो, एकावरही मुक्काम नाही. म्हणजे तार मध्येच कुठेतरी तुटली होती. तुटकी तार हवेतलं काहीबाही पकडते आणि बिचारा मीटर ते इमानदारीत दाखवत बसतो.

"भूत आहे," प्रयून पुटपुटला. असल्या पोकळ व्होल्टेजला मेकॅनिक लोक भूतच म्हणतात.

पलीकडे पा लमाय, म्हणजे लमाय मावशी, विकायला केळी भाजत होती. म्हातारीला नातवंडांची हाक ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. चिमटा हातात घेऊनच ती धावली.

"काय रे प्रयून, भूत? आकडा किती देतंय?"

परवा लॉटरीची सोडत व्हायची होती, आणि भुताने दिलेला आकडा लागतोच अशी इथे सगळ्यांची श्रद्धा. प्रयूनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शेडकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात दिवा लागला.

"पा, ओरडू नकोस. बुजतंय ते."

त्याने मीटरचा खटका सगळ्यात लहान रेंजवर फिरवला. तिथे तर आकड्यांनी नुसता धिंगाणा घातला. तो डोळे मिटून, ओठ हलवत उभा राहिला आणि त्याने हळूच आकडा धरून ठेवणारं होल्डचं बटण दाबलं. आकडा जागच्या जागी थिजला. चार, सात, दोन.

"आई गं! थांबलं!" पा लमायने गुडघेच टेकले.

घटकाभरात तिथे मुंगीला पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणी उदबत्त्या लावल्या, कोणी भुताला नैवेद्य म्हणून लाल सरबताची बाटली स्ट्रॉ घालून बंपरवर ठेवली, कोणी आणखी आकडे उमटतात का बघायला बॉनेटवर टाल्कम पावडर चोळली. गाडी केकसारखी दिसायला लागली.

"अडाणी लेकाचे!" कम्नान सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. मग प्रयूनला कोपऱ्यात ओढून म्हणाला, "शेवटचा दोनच ना? नक्की? सात तर नव्हता?"

"भूत तुमच्या गाडीतलं, कम्नान. तुम्हीच विचारा."

दुसऱ्या दिवशी शेड पाडायला जेसीबी आला, तर त्याच्यासमोर सगळ्यात आधी कम्नानच आडवा झाला. "सोडतीपर्यंत खिळासुद्धा हलवायचा नाही! जागा दुखावली तर आकडा बदलेल." त्याच्या खिशातून तिकिटांचं पुडकं डोकावत होतं.

सोडत झाली. चार नाही, सात नाही, दोनही नाही. प्रयूनने बोचकं बांधूनच ठेवलं होतं. आता शेड जाणार, आणि बहुतेक आपली हाडंही. लोक चालून आले. पण पुढे होती पा लमाय, आणि तिचं बोट कम्नानकडे होतं.

"ह्याने भुताच्या घरावर जेसीबी आणला! मग ते खरा आकडा कशाला देईल?"

"मीच तर थांबवला की तो!" कम्नान बोंबलला.

"आणला कोणी पण?"

वाफा रद्द झाला. शेडला देवस्थानासारखं पिवळं कापड गुंडाळलं गेलं आणि तिला हात लावायची कोणाची छाती उरली नाही.

प्रयून जाम खूश झाला. हे चाललं एक आठवडाभर. दारात गाड्यांची रांग लागली, पण एकही बिघडलेली नाही. "दुरुस्त नको करूस बाबा, नुसतं मोज." शेवटी त्याला राहवेना. निदान पिकअपची ती तुटकी तार तरी जोडू म्हणून तो सोल्डरिंग आयर्न घेऊन वाकला.

तेवढ्यात पा लमायची स्कूटर येऊन थांबली. मागे कम्नान, मांडीवर केळ्यांची टोपली.

"ए! हात काढ आधी!" तो किंचाळला.

"अहो, पाच मिनिटांत चालू होईल गाडी. तुमचीच आहे."

"चालू झाली तर भूत जाईल ना!" कम्नान टोपली सांभाळत उतरला. "सोड ती. आणि मीटर लाव बघू. ह्या खेपेला मी हात जोडून उभा राहतो."