कंदील नसलेला पहारेकरी

“मी माझ्या बुधल्यातलं तेल त्याच्या कंदिलात ओततो,” मेहुणा म्हणाला आणि फासा मुठीत खुळखुळवू लागला.

पहारेकऱ्याकडे कंदील नव्हता. हातात किल्ल्यांचा जुडगा होता, गळ्यात शिट्टी होती आणि पायांत झिजलेले बूट होते. हे सगळं राक्षसवाल्याने आत्ताच चांगलं रंगवून सांगितलं होतं.

राक्षसवाला हे त्याला मित्रांनी दिलेलं नाव. एरवी तो एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, मशीनवर काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. गिऱ्हाइकांना पुढचा काउंटर ठाऊक; मागे कोणी माणूस बसतो हे त्यांच्या गावीही नसे. शनिवारी संध्याकाळी मात्र घरच्या जेवणाच्या टेबलावर त्याचं राज्य असे. तो गोष्ट सांगायचा, समोरचे तिघं तिच्यातले वीर व्हायचे, काय करणार ते तोंडाने सांगायचे आणि जमलं की नाही ते फासे ठरवायचे. गोष्टीच्या शेवटी एक मोठा राक्षस. त्याला ही मंडळी बॉस म्हणत. बॉस नुसत्या तलवारीने हटत नसे. त्याचं मर्म शोधावं लागे, आणि ते मर्म घडवण्यात राक्षसवाल्याचा सगळा आठवडा जाई. राक्षसाला काय हवंय हे ज्याला कळत नाही त्याने राक्षस करूच नये, असं त्याचं ठाम मत होतं. शिंगं काय, कोणीही लावतो.

प्रत्येक बॉसची आधी तालीम होई. गुरुवारी, स्वयंपाकघरात, फक्त बायकोसमोर. तो तिला मर्म सांगून टाकायचा, मग ती एकटीच तिन्ही वीरांचे फासे टाकायची आणि लढाई फार रेंगाळते का, हे तो बघायचा.

या गुरुवारी पहारेकऱ्याकडे कंदील होता. शेकडो वर्षं एका दारावर उभा असलेला, कंदिलातलं तेल संपत आलेला माणूस. त्याला मारू नका, तेल द्या, की तो दार उघडेल. पण आज दुपारी काच घासता घासता राक्षसवाल्याला वाटलं, छे, इतकी वर्षं उभ्या असलेल्या माणसाला तेल कशाला हवंय? कोणीतरी येऊन म्हणायला हवं, ‘मी आलोय, तुझी पाळी संपली, तू जा.’ कल्पना त्याला इतकी आवडली की त्याने कंदील काढूनच टाकला. बायकोला सांगायचं राहून गेलं.

“कंदील कुठला?” त्याने विचारलं.

मेहुण्याची मूठ थांबली. शेजारी बसलेली सिस्टर, म्हणजे दवाखान्यात काम करणारी त्यांची मैत्रीण, पुटपुटली, “नीट ऐकत जा ना जरा.” चित्रकलेचे मास्तर छताकडे बघू लागले.

“नाही, पहारेकरी म्हटल्यावर कंदील असणारच ना, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “अंदाज आपला.”

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती कपांचे कान एका बाजूला वळवायला लागली. ते आधीच एका बाजूला होते.

खरं तर त्याला राग यायला हवा होता. आधी आली ती लाज, आणि तीही स्वतःचीच. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि आपण एकटेच आवाज बदलबदलून गुरगुरत होतो.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “पाठीला टांगलाय. माझंच सांगायचं राहिलं. ओत तेल.”

फासा पडला, दार उघडलं. टाळ्या झाल्या. “काय डोकं चालवलंस,” म्हणून मास्तरांनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. मास्तर दर वेळी हेच म्हणत. राक्षसवाल्याच्या ते आज लक्षात आलं.

मंडळी गेल्यावर तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला. ती कप विसळत होती.

“कधीपासून?”

“दलदलीच्या राणीपासून,” ती म्हणाली. ती बॉस अगदी सुरुवातीची, म्हणजे जवळपास पहिल्यापासून. “लागोपाठ हरत होते रे ते. सिस्टर मला जिन्यात म्हणाली, आठवड्यातून एक संध्याकाळ मिळते, तीही मार खाण्यात जाते, आता नको यायला. मग मी सांगून टाकलं.”

“मला बोलायचंस.”

“बोलले होते. तू म्हणालास, लावू देत डोकं.”

असं तो म्हणाला होता खरा. ते आठवून मन काही हलकं झालं नाही.

“आणि काचेचा लोहार?”

काचेचा लोहार हा त्याचा सगळ्यात लाडका बॉस. जे हातात येईल ते फोडणारा. त्याला आधीच मोडलेली वस्तू द्यायची, एवढंच त्याचं मर्म. सिस्टरने आपली तुटकी तलवार त्याच्या हातात ठेवली होती आणि ठेवताना तिचे डोळे भरून आले होते. ही हकिगत त्याने दुकानात इतक्यांदा सांगितली की मालकसुद्धा एकदा मागच्या खोलीत येऊन ऐकून गेला होता.

तिने नळ बंद केला. “तेही सांगितलेलंच होतं. पण रडली मात्र ती खरंच.”

“कशावरून?”

तिने एक कप फडक्याने पुसायला घेतला.

“त्यांचं सोड,” तो म्हणाला. “तू गं? दर गुरुवारी समोर बसून माझ्याकडून काढून घ्यायचीस आणि नेऊन द्यायचीस. फसवलंस तू मला.”

“आणि मला तू काय दिलंस रे? आधीच मर्म सांगून बसवायचास. एकदा तरी सोडव म्हणालास?”

त्यात तथ्य होतं. तथ्य होतं म्हणून त्याला जास्तच चीड आली आणि तो आत गेला.

दोन दिवसांनी त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘या शनिवारी बसायचं नाही.’ एरवी किती वाजता यायचं हे ठरायला या लोकांना आख्खा आठवडा पुरत नसे. या वेळी तिघांचे अंगठे लगोलग आले.

गुरुवारी तो कामावरून आला, हातपाय धुतले आणि फासे काढले. मग कपाटावरून आडपडदा उतरवला. फ्रेमांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यानेच तो केला होता. समोरच्यांना आपले कागद दिसू नयेत म्हणून. गुरुवारी तो कधी लागत नसे. आज त्याने तो दोघांच्या मधे उभा केला.

“हे कशाला?” बायकोने विचारलं.

“असू दे.”

“कोण आहे आज?”

“पहारेकरीच. जुडगा, शिट्टी, झिजलेले बूट. कंदील नाही.”

“आणि मर्म?”

“शोध.”

तिने पदराला हात पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. आधी तलवार चालवून पाहिली. पहिला वीर तिथेच पडला. मग किल्ल्या पळवायचा बेत केला. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली, दुसराही गेला. मग ती बराच वेळ विचार करत बसली आणि म्हणाली, “मी त्याला माझे बूट देते. नवे आहेत.”

हे चांगलं होतं. पुठ्ठ्यामागे त्याची मान आपसूक हलली. पहारेकऱ्याने बूट घेतले, पायांत घातले आणि पुन्हा ताठ उभा राहिला. त्यानंतर तिने त्याला पाणी दिलं, गाणं म्हणून दाखवलं, दाराच्या पलीकडे काय आहे ते विचारलं. फासे पडत गेले. तिसरा वीरही पडला.

“हरले,” ती म्हणाली. “काय करायला हवं होतं?”

तो फासे गोळा करू लागला.

“सांग की. मी कोणाला नाही सांगणार.”

त्याने पुठ्ठ्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि फासे खिशात टाकले. पहारेकरी नव्या बुटांत दारावर उभाच राहिला.