अकरा नंबरची चादर

"धम्मशीलाताई, चिमटा दिसायला नको. आत सारा," आमच्या मेट्रन माधवी मॅडम म्हणाल्या.

मी अकरा नंबरच्या खाटेखाली डोकं घालून बसले होते. सत्तावन्नाव्या वर्षी खाटेखाली शिरणं म्हणजे आधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. एका हातात गादीचा कोपरा, दुसऱ्या हातात इलॅस्टिकचा पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना स्टीलचे चिमटे. एक चिमटा चादरीच्या या कडेला लावायचा, दुसरा त्या कडेला, आणि पट्टा गादीच्या खालून ताणायचा. असे चार लावले की चादर जागची हलत नाही. वॉर्डातल्या वीसही खाटांना त्या सकाळी हे चिमटे लागत होते, कारण दहा वाजता तपासणीचं पथक येणार होतं.

मी चिमटे लावत होते ती खाट रिकामी होती. अकरा नंबरची पेशंट नागुबाई. वय ब्याऐंशी, खुबा मोडलेला. तिला आठलाच प्लास्टर रूममध्ये नेऊन ठेवलं होतं. तिच्या पाठीला जखम झाली होती, आणि पथकाच्या कागदावर 'शय्याव्रण', म्हणजे अंथरुणात पडून होणाऱ्या जखमा, असा एक रकाना असतो. त्या रकान्यात शून्य हवं होतं. म्हणून बाई बाहेर, आणि जिच्यासाठी चिमटे लागायला हवे होते तिची खाट रिकामी, नवरीसारखी नटलेली.

लोकांना वाटतं, नर्सला किळस येत नाही. पू, उलटी, अंथरुणात झालेली घाण हे सगळं मी चौतीस वर्षं उपसलंय आणि त्याच हातांनी नंतर डबा उघडलाय. त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या दिवशी त्या कडक इस्तरीच्या चादरीवरून हात फिरवताना मला किळस आली.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्ह्यात आहे, एवढं पुरे.

नागुबाई तीन आठवड्यांपूर्वी आली. तिचं हृदय इतकं अशक्त होतं, की ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मग पायाला दोरी आणि दोरीला विटा बांधून तिला निजवून ठेवलं. माझ्या गावची, पिंगळीचीच बाई. मी तिला बघताक्षणी ओळखलं, तिनं मला नाही. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून ती म्हणाली, "कुणाची गं तू, माय? हात लय हलका हाय तुझा."

"पिंगळीच्या मास्तरांची," मी म्हटलं. कुठल्या मास्तरांची ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ही नागुबाई म्हणजे आमच्या गावची वाकळ शिवणारी. जुन्या लुगड्यांचे थर लावून ती अशी वाकळ शिवायची, की टाका शोधून सापडू नये. मी आठ वर्षांची असताना आईनं फाटक्या लुगड्यांचं बोचकं बांधून मला तिच्याकडे पाठवलं. नागुबाईनं बोचक्याला हात लावला नाही. दाराशी काठी होती, त्या काठीनं तिनं ते परत माझ्या पायाकडे ढकललं. "तुमच्या वस्तीतल्या चिंध्या मी शिवत न्हाई. घेऊन जाय." तेव्हा तिच्या नाकपुड्या आक्रसल्या होत्या, वरचा ओठ वर चढला होता. किळस आलेलं माणूस कसं दिसतं ते मी तिथं शिकले. पुढं आईनंच ती वाकळ शिवली, वाकड्यातिकड्या टाक्यांची, आणि आम्ही चौघं भावंडं तिच्यात निजलो.

तर अशा बाईची पाठ मी रोज धूत होते. मनात क्षमा वगैरे काही नव्हतं. काम होतं, करत होते. ती माझा हात धरून "माय" म्हणायची तेव्हा तर हात सोडवून घ्यावासा वाटायचा.

आमच्या गाद्यांना रेक्झिनचं कव्हर आहे, त्यावर चादर ठरत नाही. त्यात विटा नागुबाईला खाली ओढायच्या आणि तिच्यासोबत चादरही खाली जायची. दुपारपर्यंत चादरीचा दोरखंड होऊन तो तिच्या कमरेखाली रुतून बसायचा. मी दिवसातून सहा वेळा ती ओढून नीट करायची. तरी दुसऱ्या आठवड्यात माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला. बोटानं दाबला तर पांढरा पडत नव्हता. हे चिन्ह वाईट. या वयात तिथं जखम झाली तर ती हाडापर्यंत जाते, आणि खुब्यानं न मेलेली बाई पाठीनं मरते. मी असे मृत्यू पाहिलेत. वास भिंतीत राहतो.

मी चादर ओढताना नागुबाई म्हणाली, "तुमाला चादर बांधता येत न्हाई का गं? एवढा मोठा दवाखाना, अन् रोज वढाताण करायलाव."

"कशी बांधायची?"

"लेकरं निजंत वाकळ ढकलून देतेत. म्हणून मी लेकरांच्या वाकळंला चारी कोपऱ्याला बंद लावून द्यायचे. बाजंच्या पायाला बांधलं की झालं. लेकरू लोळंल, वाकळ न्हाई लोळायची."

मी बँडेजच्या पट्ट्यांना पीळ देऊन चार-चार बंद केले आणि दोन चादरींच्या कोपऱ्यांना शिवले. एक चादर खाटेवर, एक धुण्यात. धोब्याकडे गेली तर परत येणार नाही, म्हणून ती मी घरी नेऊन धुवायची. बंद खाटेच्या पायांना बांधले आणि चादर ठरली. चार दिवसांत चट्टा फिका झाला. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी वॉर्डात कॅन्टीनचा चहा मागवला.

सोमवारी नवे चिमटे आले. भांडारातले पंडितराव खोकी घेऊन आले, आणि माधवी मॅडम वॉर्डातून फिरताना अकरा नंबरपाशी थांबल्या. "हे काय? दोऱ्या? ताई, पथकातले लोक हसतील आपल्याला. कापून टाका. चिमटे आलेत ना आता. सगळ्यात आधी अकरालाच लावू."

मी विश्वास ठेवला. खिशातली कात्री काढली आणि चारही बंद कापले. घरच्या चादरीचेही दुसऱ्या दिवशी कापले, मॅडमचा शब्द पाळायला. नागुबाई मान वळवून बघत होती. "तोडायलीस का गं?" एवढंच म्हणाली.

मंगळवारी माझी सुटी होती. बुधवारी आले तर खाटेला ना बंद ना चिमटे. चादर गुंडाळून पाठीखाली रुतलेली, आणि चट्ट्याच्या जागी रुपयाएवढं कातडं सोललेलं. मी तशीच भांडारात गेले.

"पंडितराव, अकराला तरी चिमटे द्या. चारच."

"ताई, उद्या सकाळी लावायचेत. आज लावलं तर मळतेत. मॅडम म्हणल्यात."

"बाईची पाठ सडायलीय तिथं!"

"मला कळतंय हो. पण चावी माझ्याकडं हाय, हुकूम न्हाई."

पंडितराव वाईट माणूस नाही. याचाच जास्त राग येतो.

आणि गुरुवारी पथक आलं. तिघं होते. सोबत मोठे डॉक्टर, मॅडम, फोटो काढणारा. गादीवर सुरकुती नाही, रेक्झिन दिसत नाही, सगळीकडे फिनेलचा वास. पथकाचे प्रमुख साहेब नेमके अकरा नंबरपाशी थांबले. वाकून त्यांनी चादरीचा कोपरा दोन बोटांत धरला आणि ओढला. चादर हलली नाही. त्यांनी पुन्हा ओढून पाहिला.

"छान. पेशंट कुठाय इथली?"

"काल डिस्चार्ज झाला, सर," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्याच वेळी व्हरांड्याच्या टोकाच्या बंद दारामागून आवाज आला, "अगं माय गं... कुणी हाय का... पाठ जळायलीय माझी." मॅडमनी खोकायला सुरुवात केली. कुणीतरी पंखा पाचवर केला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. मी चादरीकडे बघत उभी राहिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी किळस कशाची आली असेल तर त्या क्षणाच्या माझ्या तोंडाची.

त्यानंतर डॉक्टरांच्या खोलीत पोहे झाले, जिलेबी झाली. साहेबांच्या मिशीला पाक लागला होता आणि हात पुसायला त्यांना नवा नॅपकिन हवा होता. मी तो नेऊन दिला.

प्लास्टर रूममध्ये नागुबाई लाकडी टेबलावर होती. खाली चादर नाही, पायाच्या विटा सोडलेल्या. तीन तास. मी तिला कलती केली तेव्हा जखमेची कड टेबलाला चिकटली होती. ती ओरडली नाही. "झालं का गं पावण्यांचं?" म्हणाली.

गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत पंडितराव खोकं घेऊन वॉर्डात आले आणि एकेका खाटेचे चिमटे सोडू लागले. आम्ही नागुबाईला नुकतंच अकरावर आणून विटा पुन्हा बांधल्या होत्या. मी आडवी आले. "हे राहू द्या."

"ताई, पुढच्या टायमाला एक जरी कमी भरला तर मी कुठून आणू?" माझ्या नजरेला नजर न देता ते खाली वाकले. टक टक आवाज करत चिमटे सुटले, आणि माझ्या डोळ्यांदेखत चादर बोटभर खाली सरकली.

दुपारी मॅडमनी मला बोलावून नागुबाईची केसपेपरची फाइल पुढे सरकवली. "ताई, जखमेची नोंद राहिलीय. दाखल होतानाच जखम होती, असं लिहा. तारीख त्या दिवशीची घाला."

"तेव्हा नव्हती, मॅडम."

"मला माहितीय नव्हती. म्हातारं माणूस, आज ना उद्या व्हायचीच. तुमचं एक वर्ष राहिलंय. कशाला अंगावर घेता?"

मी पेन घेतलं. लिहिलं: दाखल होताना जखम नव्हती. बुधवारी सकाळी सातला दिसली. चादर बांधायचे बंद सोमवारी मी स्वतः कापले. गुरुवारी पेशंटला तीन तास लाकडी टेबलावर ठेवलं होतं. खाली सही केली, पूर्ण नावानिशी, आणि फाइल फिरवून त्यांच्यासमोर ठेवली.

मॅडमनी वाचलं. त्यांच्या नाकपुड्या आक्रसल्या, वरचा ओठ किंचित वर चढला. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. आठ वर्षांची असताना ते पाहून मी रडत घरी पळाले होते. या वेळी मी उभी राहिले आणि विचारलं, "अजून काही, मॅडम?"

"नोटीस येईल तुम्हाला."

"येऊ द्या."

शुक्रवारी सकाळी ड्रेसिंग करताना मी नागुबाईला म्हटलं, "आज पुन्हा बंद लावू."

"बँडेजाचं नको. टिकत न्हाई ते, पीळ सुटतोय. लुगड्याचा काठ लागतोय. हाय का?"

"आणलाय," मी म्हटलं.

आदल्या संध्याकाळी मी पेटी उघडली होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं एक पांढरं लुगडं ठेवलं होतं, निळ्या काठाचं, चौदा एप्रिलला नेसायची ते. काठ कापताना मी दोनदा कात्री खाली ठेवली, खोटं कशाला सांगू. काठाची ती गुंडाळी मी नागुबाईच्या पोटावर ठेवली, सुई-दोरा दिला, डोक्याखाली दोन उशा दिल्या.

तिनं काठ बोटांत चोळून पाहिला. "चांगला हाय. कुणाचा गं?"

"माझ्या आईचा. कुसुमबाईचा. आमच्या वस्तीतल्या मास्तरांच्या बायकोचा." मग राहवलं नाही. "तिचं बोचकं तुम्ही काठीनं ढकललं होतं. मी आणलं होतं ते."

नागुबाईला आठवलं की नाही, मला कळलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग छताकडे. मी तिच्या नाकपुड्यांवर नजर ठेवून होते. खरंच होते. तिनं तोंड वाकडं केलं असतं, तर मी तो काठ उचलून घेतला असता आणि ड्यूटी बदलून मागितली असती.

मी कात्री पुढे केली. तिनं ती घेतली नाही. काठाचं टोक तिनं तोंडात धरलं, उरलेल्या चार दातांत पकडलं, आणि हिसका देऊन वीतभर फाडलं. मग दुसरं. मग तिसरं. आईच्या लुगड्याचा एक निळा धागा तिच्या ओठाला चिकटून राहिला, तो तिनं जिभेनं आत घेतला आणि त्याच ओल्या तोंडानं दोऱ्याचं टोक भिजवून सुईत ओवलं.

हात कापत होते. टाके कापत नव्हते. धुतलेल्या चादरीचा एकेक कोपरा मी तिच्या हाताशी आणत गेले आणि ती शिवत गेली. दुपारच्या जेवणाची गाडी येईपर्यंत चार बंद झाले. मधे माधवी मॅडम दारात येऊन गेल्या.

मी तिला कलती करून चादर घातली, चारही कोपऱ्यांना फिरले, गुडघे टेकून बंद खाटेच्या पायांना बांधले आणि कंबर धरत उठले. नागुबाईनं हात लांब करून चादरीची कड मुठीत धरली आणि ओढली.

"ढिली हाय," ती म्हणाली. "परत बांध."

मी पुन्हा खाटेखाली शिरले.