काडीचं लिव्हर

घरात त्याला सगळे काडी म्हणत. अंगावर मूठभर मांस नाही. धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकलेला, आणि जेवणाऐवजी बऱ्याचदा बिस्किटं आणि बाटलीतलं गोड सरबत. दारूच्या थेंबाला मात्र कधी शिवला नव्हता.

ताईचं लिव्हर निकामी होत आलं आणि घरातल्याच कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा सगळ्यांच्या नजरा काडीकडे वळल्या. रक्तगट दोन्ही भावांचा जुळत होता. पण दादा पडला लोकांची कपाटं-पलंग चढवणारा-उतरवणारा, दार भरून आत येणारा माणूस.

"याच्या लिव्हरवर लोण्याचा गोळा असेल," ताई अंथरुणावरूनच म्हणाली.

दादा हसला. "घेऊन तर बघ. जिना चढताना धाप लागेल तुला."

काडी लगेच हो म्हणाला. विचार करत बसलो तर जीभ रेटणार नाही, अशी त्याला धास्ती होती.

तपासणीच्या दिवशी दादा सोबत आला आणि बाहेरच्या बाकावर बसला. आत डॉक्टरबाईंनी काडीच्या पोटावर गार चिकट जेली लावली. त्याने डोळे गच्च मिटले.

"सुई कधी टोचणार?"

"कसली सुई?"

"लिव्हरचा तुकडा काढून बघणार ना?"

"आधी बाहेरूनच बघू. चिरा नाही, सुई नाही. श्वास घ्या. धरा. सोडा."

बरगड्यांखालून यंत्राचं टोक फिरत राहिलं. मग बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. "हे तुमचं लिव्हर. ही शेजारी किडनी. दोन्हींचा करडा रंग साधारण सारखा दिसायला हवा. तुमचं लिव्हर बरंच पांढरं आहे."

"पांढरं म्हणजे स्वच्छ?"

"नाही. चरबी."

काडीने मान उचलून स्वतःच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे पाहिलं. "कुणाची?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. दुसरं टोक बरगड्यांच्या मध्ये टेकवून त्या लिव्हर किती कडक आहे ते मोजू लागल्या. आतून कुणी टिचक्या मारतंय असं त्याला वाटत होतं.

"मऊ आहे," त्या म्हणाल्या. "चरबी आहे, पण व्रण पडलेले दिसत नाहीत."

"मग हे चांगलं की वाईट?"

"तुमच्यासाठी बरं. पथ्य सांभाळलंत तर चरबी उतरेल. पण ताईंना आत्ता हा तुकडा चालणार नाही. त्यांनाही धोका, तुम्हालाही."

"अहो, पण मी काडी आहे!"

"बारीक माणसांनाही होतं हे. गोड प्यायचं बंद करा आणि रोज चाला."

तो बाहेर आला. जीव भांड्यात पडला होता, अगदी खरंच. आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. कशाने, ते त्याला कळेना. दादाला सगळं सांगताना त्याची वाक्यं उलटसुलट झाली. दादाने ऐकून घेतलं, तो उठला आणि त्याने बाईंच्या दारावर टकटक केली.

बऱ्याच वेळाने तो सदऱ्याने पोट पुसत बाहेर आला. "स्वच्छ आहे म्हणे. यंत्र बिघडलंय बहुतेक."

यंत्र बिघडलं नव्हतं. दादाच्या पुढच्या सगळ्या तपासण्याही ठीक आल्या.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ढकलगाडीवर पडलेल्या दादाने काडीचा हात धरला. "भीती वाटतेय रे."

दादाच्या तोंडून हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"मलाही वाटत होती," काडी म्हणाला.

"मग सुटल्यासारखं वाटलं असेल."

"वाटलं. आणि नंतर रागही आला."

"कुणावर?"

"तेच तर कळत नाही."

"कळलं की सांग," दादा म्हणाला, आणि गाडी आत गेली.

दोघंही सुखरूप बाहेर आली. दादाची जखम लवकर भरली. ताईला मधे ताप आला, पुन्हा दवाखाना झाला, पण हळूहळू तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. काडी सरबत सोडून रोज चालू लागला. हे कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

काही महिन्यांनी तो पुन्हा डॉक्टरबाईंच्या तपासणीच्या टेबलावर झोपला. "वा! जवळजवळ सगळी चरबी उतरली," बाई म्हणाल्या. तो आभार मानायचंही विसरला आणि तडक ताईच्या घरी गेला.

"लिव्हर छान आलं," त्याने सांगितलं.

"म्हणजे थोडं थांबता आलं असतं तर..." ताईने वाक्य अर्धवटच सोडलं. मग त्याच्याकडे निरखून पाहत तिने विचारलं, "आनंद झालाय की वाईट वाटतंय?"

"ताई, खरंच कळत नाही गं."

"नाही तर नाही. आधी खाली जा. दादा शेजाऱ्यांचं कपाट उचलायला निघालाय. डॉक्टर एवढं बजावतात, पण ऐकेल तर शपथ!"

काडी जिन्यावरून धावतच खाली गेला. दादा एकटाच कपाटाला भिडला होता.

"सोड ते," काडी ओरडला.

"तू उचलणारेस?"

काडीने कपाटाची दुसरी बाजू धरली. ते जेमतेम हललं. दोघं एकमेकांकडे बघत तसेच वाकून उभे राहिले, आणि आता पुढे काय करायचं ते दोघांनाही सुचेना.